तिसऱ्या बैठकीला पाचच जणी आल्या, आता पुढे काय?

शिक्षणानंतर सोलापुरात परतून स्वतःचे फिजिओथेरपी केंद्र चालवणाऱ्या एका ताईंनी विचारले आहे की, डॉक्टर, वकील, प्राध्यापिका आणि लघुउद्योजिका अशा बावीस जणींनी मिळून व्यावसायिक महिलांचे मंडळ सुरू केले, पहिल्या बैठकीला सगळ्या आल्या, दुसरीला चौदा आणि तिसरीला पाच. आता ग्रुपवर फक्त सुप्रभात आणि वाढदिवसाचे संदेश येतात. एखाद्या आंतरराष्ट्रीय संस्थेशी संलग्न व्हावे की स्वतंत्र राहावे, नेतृत्व, भगिनीभाव आणि समाजसेवा ही तिन्ही उद्दिष्टे एकाच वेळी पेलतील का, नेतृत्व शिकवण्यासाठी वेगळ्या कार्यशाळा घ्याव्यात का, आणि अध्यक्ष कोणी व्हावे, असे त्यांचे प्रश्न आहेत.

मी सोलापुरात २६ वर्षे सनदी लेखापाल म्हणून काम करते आणि त्यांतली १९ वर्षे अशाच एका मंडळात आहे. दोनदा खजिनदार होते, एकदा अध्यक्ष होते, आणि अध्यक्षपदापेक्षा खजिनदारकीत जास्त शिकले, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे पैशांविषयी इतके का लिहिले आहे ते कळेल.

उपस्थिती घसरली म्हणून उत्साह ओसरला, असा अर्थ लावण्याची घाई करू नका. आधी बैठकीची वेळ तपासा. आपल्या शहरात उजनीचे पाणी चार-पाच दिवसांआड येते आणि प्रत्येक भागाचा वार वेगळा असतो. ज्या संध्याकाळी नळाला पाणी येणार आहे, त्या संध्याकाळी स्त्रीरोगतज्ज्ञ असो वा प्राचार्या, तिचे लक्ष घड्याळाकडे आणि मोटारीकडे असते. डॉक्टरांची दुसरी ओपीडी सहाला सुरू होते, आमच्यासारख्या लेखापालांचा सप्टेंबर महिना कर लेखापरीक्षणात बुडालेला असतो, शाळा-महाविद्यालयांतल्या सभासद मार्चमध्ये दिसत नाहीत आणि जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत प्रत्येकीच्या घरी पाहुणे असतात. आम्ही बरीच उलथापालथ करून शेवटी महिन्याचा दुसरा शनिवार, दुपारी साडेतीन ते पाच, ही वेळ धरली, कारण त्या दिवशी बँकांना सुटी असते, दोन ओपीडींच्या मधला तो मोकळा काळ असतो आणि संध्याकाळचा स्वयंपाक अजून दूर असतो. एप्रिल-मे महिन्यांत तीच बैठक सकाळी साडेसातला घेतो. सोलापूरच्या उन्हात दुपारी साडेतीनला कोणाला बोलावणे हा छळच आहे.

दुसरी तपासणी बैठकीत काय घडते याची करावी. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रमुख पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ आणि आभार यांत पन्नास मिनिटे गेली, तर दवाखाना बंद ठेवून आलेल्या बाईच्या हाती काय लागले? आम्ही पहिल्या वर्षी हेच केले आणि तुमच्यासारखाच अनुभव घेतला. त्यानंतर एक साधी पद्धत लावली: दर बैठकीत एका सभासदेने वीस मिनिटे आपले काम समजावून सांगायचे आणि त्या कामातली सध्या अडलेली एक गोष्ट सगळ्यांसमोर ठेवायची. पूर्व भागात शाळांचे गणवेश शिवण्याचा छोटा कारखाना चालवणाऱ्या आमच्या एका सभासदेने असेच एकदा कर्जाचे मंजुरीपत्र बैठकीत आणले. घरात तेलुगू, कारागिरांशी तेलुगू, गिऱ्हाइकांशी मराठी आणि पत्र इंग्रजीत अठरा कलमांचे. बँकेत अधिकारी असलेल्या दुसऱ्या सभासदेने ते तिथेच मोठ्याने वाचले, आणि न मागितलेल्या एका विम्याचा हप्ता कर्जाच्या रकमेतच धरलेला आहे, हे सातव्या कलमापाशी सगळ्यांच्या लक्षात आले. ते कलम पुढे निघाले. त्या दिवसानंतर ती सभासद एकही बैठक चुकली नाही आणि तिने आणखी तिघींना आणले. बैठकीला येण्याचे कारण घरी सांगता आले पाहिजे, एवढेच मी म्हणेन. "आज माझ्या कामाचे आहे" हे कारण सासूबाईंनाही पटते.

हे सांगताना एक बोचरी गोष्टही लिहिते. तुमच्या बावीस जणींची यादी मी पाहिलेली नाही, पण अशा मंडळांची पहिली यादी बहुधा होटगी रोड आणि विजापूर रोड यांच्या पलीकडे जात नाही. सोलापूर हे मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारे शहर आहे, आणि पदवी नसलेल्या पण दहा माणसांचा पगार दर महिन्याला चुकता करणाऱ्या बायका इथे गल्लोगल्ली आहेत. कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा व्यवसाय करून आठ जणींना रोजगार देणारी बाई व्यावसायिक नाही, असे कोणत्या निकषाने म्हणायचे? पदवीची अट आम्ही चौथ्या वर्षी काढून टाकली. त्यावर वाद झाला, दोघी सोडून गेल्या. मला त्याचे वाईट वाटले, पण निर्णय चुकला असे कधी वाटले नाही.

भगिनीभाव हा शब्द भाषणात गोड वाटतो, पण त्याची पहिली परीक्षा फीच्या पावतीवर होते. मंडळ सुरू झाले की सभासद एकमेकींना फुकट सल्ला मागू लागतात: दाताची तपासणी, करारनाम्यावर एक नजर, विवरणपत्राचे "एवढेसे" काम. देणारी संकोचाने नाही म्हणत नाही आणि हळूहळू बैठकीलाच येईनाशी होते. आमचा नियम असा आहे की, व्यवसायाचे काम असेल तर पूर्ण फी, तीही मागण्याआधी द्यायची. फुकट काम फक्त मंडळाच्या सेवाशिबिरात. याउलट अडचणीच्या वेळी जी मदत करायची, तिची पावती नसते. कर लेखापरीक्षणाचे अहवाल भरण्याची मुदत ३० सप्टेंबरला संपते. एका वर्षी २५ तारखेला आमच्या एका सनदी लेखापाल सभासदेच्या सासऱ्यांना अतिदक्षता विभागात हलवावे लागले आणि तिच्याकडे अकरा अहवाल शिल्लक होते. व्यवसायात आम्ही तिघी एकमेकींच्या स्पर्धकच. तरी आम्ही दोघी चार रात्री तिच्या कार्यालयात बसून कागद जुळवत होतो, ती रुग्णालयाच्या जिन्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन तपासून सह्या करत होती आणि गिऱ्हाईक एकही इकडचे तिकडे झाले नाही. त्यानंतर आम्ही हे लेखी ठरवले की, आजारपणात किंवा बाळंतपणात ज्या सभासदेचा व्यवसाय सांभाळला, तिचे गिऱ्हाईक पुढची दोन वर्षे आपल्याकडे घ्यायचे नाही. असले नियम लेखी असावेत. मैत्रीत तोंडी बोललेले दोघींना दोन प्रकारे आठवते.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा प्रश्न तुमच्याकडे पहिल्या जानेवारीत येईलच. मी स्वतः घरी हळदीकुंकू करते. मंडळात मात्र करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण ज्या सभासदेचा नवरा गेला आहे तिला त्या दिवशी आपण नकळत दाराशी उभे करतो. आम्ही तिळगूळ देतो, सगळ्यांना देतो, आणि वाण म्हणून प्रत्येकीने आपल्या व्यवसायातली एक उपयोगी वस्तू आणायची असते. आमच्या वकीलबाईंनी एका वर्षी मृत्युपत्राचा कोरा नमुना वाटला. थोडी हशा-टिंगल झाली, पण चार जणींनी तो भरला.

आता संलग्नतेविषयी. पुरुषांच्या सेवाक्लबांत स्त्रियांना प्रवेश नव्हता, त्या काळात व्यावसायिक स्त्रियांनी स्वतःच्या संस्था काढल्या. झोंटा १९१९ मध्ये अमेरिकेतल्या बफेलो शहरात सुरू झाली, सोरॉप्टिमिस्ट १९२१ मध्ये अमेरिकेतल्याच ओकलंडला, आणि व्यावसायिक महिलांचा आंतरराष्ट्रीय महासंघ १९३० मध्ये स्थापन झाला. रोटरीने जगभरच्या क्लबांना स्त्रियांना सभासद करून घेण्याची मुभा दिली ती १९८९ साली. आपल्याकडचा इतिहासही लहान नाही: पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला तो १८८२ मध्ये आणि अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशनही पुण्यातच, १९२७ मध्ये भरले. मोठ्या संस्थेशी जोडून घेतल्याने तयार घटना मिळते, दरवर्षी अध्यक्ष बदलण्याची शिस्त मिळते आणि बाहेरगावी गेल्यावर ओळख मिळते. त्या बदल्यात दरडोई वर्गणीचा एक भाग वर पाठवावा लागतो, वरून आलेले उपक्रम राबवावे लागतात आणि अहवालासाठी छायाचित्रे काढण्यात बराच जीव जातो. मी म्हणेन की, पहिली दोन वर्षे स्वतंत्र राहा. स्वतःचे काम ठरले की मग कोणाशी जुळते ते पाहता येईल. आधी संलग्न झालात तर त्यांचे काम हेच तुमचे काम होऊन बसेल.

स्वतंत्र राहायचे म्हणजे नोंदणी आली. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली किमान सात जणी लागतात, आणि महाराष्ट्रात त्याबरोबर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालीही धर्मादाय कार्यालयात नोंद होते. ते काम वकील करून देतात, त्यात विशेष काही नाही. खरी अडचण नंतर येते. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे त्या बदलाचा अहवाल, धर्मादाय कार्यालयात दाखल करावा लागतो, आणि नव्या अध्यक्षांच्या सत्काराच्या गडबडीत हे हमखास राहते. आमचे राहिले, तेही लागोपाठ तीन वर्षे, आणि कार्यकारिणीत मी स्वतः, म्हणजे पोटापाण्यासाठी लोकांची मुदतीची कामे करणारी बाई, बसलेली असताना राहिले. बँकेने खात्यावरच्या सह्या बदलण्यासाठी परिशिष्ट एकचा उतारा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या आमच्या नोंदीची नक्कल, मागितला, उताऱ्यावर नावे पहिल्या कार्यकारिणीची, त्यांतली एक बदली होऊन नागपूरला गेलेली आणि दुसरी मुलाकडे परदेशी. जवळजवळ चौदा महिने खात्यातून एक रुपयाही काढता आला नाही आणि मुलींच्या वसतिगृहाची कबूल केलेली मदत आम्ही खिशातून भरली. म्हणून निवडीच्या सभेतच चेंज रिपोर्टच्या कागदांवर सह्या घेतल्याशिवाय चहा द्यायचा नाही, अशी आता आमच्याकडे पद्धत आहे.

नेतृत्व शिकवण्यासाठी वेगळ्या कार्यशाळा घ्याव्यात का, असे तुम्ही विचारले आहे. घ्या, पण त्यांवर फार विसंबू नका. मी पाहिले आहे ते असे की, जिच्या हाती खरा पैसा आणि खरी मुदत दिली ती वाढली. शेजारच्या सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी महिला बँक १९९७ साली उभी राहिली, त्याआधी संस्थापक स्त्रिया निरक्षर आहेत म्हणून परवान्याचा अर्ज नाकारला गेला होता आणि त्या बायका लिहायला-वाचायला शिकून पुन्हा अर्ज घेऊन गेल्या. आपल्या शिकलेल्या मंडळांत मात्र हिशेब म्हटला की "ते आमचे मिस्टर बघतात" हे वाक्य अजून ऐकू येते. आमच्या पहिल्या वर्षी सभागृहाचे भाडे एका सभासदेच्या यजमानांनी ठरवले, जेवणाचा मक्ता दुसरीच्या भावाने, आणि आम्ही सगळ्यांनी त्यांचे आभार मानले! स्थानिक स्वराज्य संस्थांत महाराष्ट्राने २०११ पासून स्त्रियांसाठी निम्म्या जागा ठेवल्या, तरी सरपंचबाईंच्या खुर्चीशेजारी सरपंचपती बसलेले दिसतात, त्याला नावे ठेवण्याचा आपल्याला मग काय अधिकार? तेव्हापासून मंडळाचा प्रत्येक फोन, प्रत्येक भावताव सभासदेनेच करायचा असा दंडक आहे. नवीन सभासदेला पहिल्या वर्षी तीन हजार रुपयांपर्यंतचा एखादा उपक्रम पूर्णपणे सोपवतो आणि चुकला तर चुकू देतो. तसेच माजी अध्यक्षांनी निदान वर्षभर मागच्या रांगेत बसावे. हे मला स्वतःला फार जड गेले.

समाजसेवेविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण मंडळे इथेच जास्त भरकटतात. रुग्णांना फळे, वृद्धांना चादरी, शाळेला वह्या. चादरींच्या गावात चादरी वाटून आपण नेमके काय साधले, हे मला आजवर कळलेले नाही. बावीस जणींकडे मिळून जे शिक्षण आणि कसब आहे, ते पैसे देऊनही गरीब बाईला मिळत नाही. तेच तिला द्यावे.

आमचे सर्वांत जुने चालू काम विडी कामगार स्त्रियांच्या कागदपत्रांचे आहे. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर विडी घरकुलात दहा हजार घरे आहेत. तिथे आणि पूर्व भागात आम्ही दर दोन महिन्यांनी टेबल मांडतो. सुरुवात आरोग्य शिबिराने केली होती. मान आणि पाठ धरलेल्या, तंबाखूच्या धुळीने खोकणाऱ्या बायका आल्या, तपासून गेल्या, पण जाताना प्रत्येक दुसरी बाई पिशवीतून कागद काढून विचारायची, "बाई, माझ्या फंडाचं तेवढं बघता का?" त्यांतल्या एका आजींची पिशवी मला आजही दिसते. प्लॅस्टिकच्या पिशवीत दुसरी पिशवी, तिच्यात रबर लावलेली फंडाची चिठ्ठी, आधार कार्ड, नवऱ्याचा मृत्यूचा दाखला आणि बँकेचे पासबुक. कारखान्याच्या नोंदीत नाव नरसम्मा, आधारवर नरसाबाई, पासबुकात आडनाव आधी आणि नाव नंतर, आणि जन्मतारीख तिन्हीकडे तीन. तेलुगू घरातल्या 'अम्मा'ची मराठी कारकुनाने 'बाई' करून टाकली, चाळीस वर्षांपूर्वी, सहज. आणि त्या एका शब्दापायी त्यांचे निवृत्तिवेतन सुरू होत नव्हते. किमान निवृत्तिवेतन महिना एक हजार रुपये आहे. आपल्याला तो आकडा किरकोळ वाटतो, पण हजार विड्या वळायला पूर्ण दिवस मोडतो, हे लक्षात घ्या.

अशा कामाला कामगार आणि मालक या दोघांच्या सहीचे संयुक्त घोषणापत्र लागते, नावातला फरक सांगणारे प्रतिज्ञापत्र लागते आणि कारखान्याच्या कार्यालयात दोन-तीन खेपा लागतात. वकील सभासद प्रतिज्ञापत्र करते, मी सेवेची वर्षे आणि भरणा जुळवते, तेलुगू बोलणारी गणवेशवाली समोरच्या बाईला काय चालले आहे ते समजावते. तिच्याशिवाय आमचे शिबिर पहिल्याच वर्षी बंद पडले असते. पुढे आणखी एक पेच कळला. निवृत्तिवेतन चालू राहण्यासाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि आयुष्यभर पाने कापून, विड्या वळून बोटांच्या रेषा झिजलेल्या बाईचा अंगठा यंत्र घेत नाही. आजी टेबलाशी उभ्या, यंत्र म्हणते ओळख पटत नाही, पाचव्यांदा बोट पदराला पुसून ठेवतात. आता चेहऱ्यावरून दाखला काढण्याची सोय झाली आहे. आमची संगणक विषयाची प्राध्यापिका तिच्या विद्यार्थिनींना घेऊन बसते आणि सकाळभरात चाळीस-पन्नास दाखले होतात. छायाचित्र काढण्यासारखे त्यात काही नसते. बहुतेक वेळा आम्ही काढतही नाही.

तुमच्या मंडळाने लगेच हाती घ्यावे असे दुसरे काम म्हणजे लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याचे. २०१३ च्या या कायद्याने दहा किंवा अधिक माणसे काम करत असतील तिथे अंतर्गत समिती बंधनकारक आहे, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया हव्यात आणि एक सदस्य बाहेरची, स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थेतली किंवा या विषयाची जाण असलेली हवी. त्या बाहेरच्या सदस्येला नियमाने दिवसाला दोनशे रुपये भत्ता आहे, म्हणजे पैशांसाठी हे काम कोणी करणार नाही हे उघड आहे. रुग्णालये, महाविद्यालये, कारखाने यांना जाणकार बाहेरची सदस्य सहज मिळत नाही आणि मग ओळखीतले एक नाव कागदावर घातले जाते. तुमच्यातल्या सहा-सात जणींनी कायदा नीट वाचून, एका अनुभवी वकिलाकडून चौकशीची पद्धत शिकून घेतली, तर शहराची ही गरज भागेल. मात्र स्वतःच्या गिऱ्हाइकाच्या समितीवर कोणी बसू नये. धुण्याभांड्याची कामे करणाऱ्या किंवा दहापेक्षा कमी माणसांच्या ठिकाणी राबणाऱ्या बायकांसाठी जिल्हास्तरावर स्थानिक समिती असते आणि तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत द्यावी लागते, हेही वस्त्यांत जाऊन सांगायला हवे. ते त्यांना कोणीच सांगितलेले नसते.

वर्गणी किती ठेवावी हे तुमचे तुम्ही ठरवा; फक्त भाकरीवाल्या बाईला ती भरता येईल एवढीच असावी आणि ग्रुपवरचे सुप्रभात बंद करण्याचा ठराव पहिल्याच बैठकीत करून टाका.

राहिला अध्यक्षपदाचा प्रश्न. तुम्ही कल्पना मांडली, फोन केले, जागा मिळवली, तेव्हा सगळ्या तुमचेच नाव घेतील. पहिल्या वर्षी ते घेऊ नका. अध्यक्षपद अशा कोणाला तरी द्या, जिला तुम्ही स्वतः आमंत्रण दिले नव्हते, आणि तुम्ही खजिनदार व्हा. पहिल्या वर्षाचा ताळेबंद तयार झाला की तो घेऊन माझ्या कार्यालयात या; लेखापरीक्षणाची फी मात्र घेईन.